सहीचा अधिकार : अब्बासी बगदादमधले रेश गलुता आणि गाओन

मंडळी, नमस्कार. ज्या समाजाकडे राज्य नाही, फौज नाही, स्वतःचा मुलूख नाही, त्या समाजात शब्द कोणाचा चालतो आणि तो का चालतो, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही. त्याच प्रश्नासाठी आज आपण सातव्या ते अकराव्या शतकातल्या इराकमध्ये जाणार आहोत. तिथले यहुदी त्या देशाला तेव्हाही जुन्या नावानं, बाबेल म्हणूनच ओळखत. जेरुसलेम पडल्यावर नबुखद्नेस्सरनं ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात त्यांच्या पूर्वजांना तिथं आणून वसवलं होतं. परत जाण्याची मुभा मिळाल्यावर काही गेले, पुष्कळ राहिले. अरब सैन्य इराकमध्ये शिरलं तेव्हा या वस्तीला हजाराहून जास्त वर्षं झाली होती. त्यांना उपरं म्हणायची सोय नव्हती.

या समाजाला दोन प्रकारचे पुढारी होते. एक रेश गलुता, म्हणजे निर्वासितांचा प्रमुख. हा दाविद राजाच्या वंशातला मानला जाई, बाबेलमध्ये कैदी म्हणून आणलेल्या यहोयाखीन राजापर्यंत त्याची वंशावळ नेली जाई. दुसरा गाओन, म्हणजे येशिवाचा, विद्यापीठाचा मुख्य. गाओन एका वेळी दोन असत, कारण येशिवा दोन होत्या : सुरा आणि पुंबेदिता. दोन्ही तिसऱ्या शतकात युफ्रेटिसच्या काठी सुरू झालेल्या, पुंबेदिता म्हणजे आजच्या फल्लुजाच्या आसपास. पुढे ७६२ साली अब्बासी खलिफांची राजधानी म्हणून बगदाद वसलं, सगळी सत्ता आणि सगळा पैसा तिकडे वळला. नवव्या शतकाच्या अखेरीपासून या येशिवाही बगदादला आल्या. नावं मात्र जुनीच राहिली. बगदादमध्ये बसलेला माणूस सुराचा गाओन म्हणून सही करत असे.

म्हणजे एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला विद्या, आणि दोघांच्या डोक्यावर खलिफा. खलिफाच्या दृष्टीनं यहुदी हे संरक्षित प्रजाजन. त्यांनी जिझिया भरावा, बदल्यात लग्न, घटस्फोट, वारसा, देणीघेणी हे सगळं आपल्या कायद्यानं आपसात मिटवावं. ही मोकळीक मोठी होती. पण तिच्यात एक खोच होती आणि ती लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. मुसलमान काझीचं दार यहुद्यांनाही उघडं होतं. आपल्या पंचांचा निकाल पटला नाही, तर माणूस उठून काझीकडे जाऊ शकत होता. बाईही जाऊ शकत होती.

याचा परिणाम किती खोल झाला ते एका निर्णयावरून दिसतं. तालमूद या यहुदी कायद्याच्या प्राचीन ग्रंथानुसार नवऱ्याबरोबर नांदायला नकार देणाऱ्या बाईला सोडचिठ्ठीसाठी बारा महिने थांबायला लागे, आणि हळूहळू स्त्रीधनाच्या हक्कावरही पाणी सोडायला लागे. अरब राजवट येऊन फार वर्षं झाली नव्हती, ६५१ च्या सुमारास, तेव्हा येशिवांच्या प्रमुखांनी हा नियम बदलला. बाईनं मागितली की सोडचिठ्ठी लगेच द्यायची, नवरा राजी नसला तरी त्याला द्यायला लावायची. कारणही त्यांनी लपवलं नाही. आपल्या लेकी परक्यांच्या आश्रयाला जाऊ नयेत, हे ते कारण. धर्माधिकारी कठोरच असतात अशी आपली समजूत असते. इथं ते एका बाईच्या पायाखालची वाट ओळखून स्वतःचा कायदा वाकवतात. मला त्यात कमकुवतपणा दिसत नाही, माणसांची जाण दिसते.

दुसरा निर्णय ७८७ सालचा. तालमूदच्या काळात यहुदी बहुतेक शेतकरी होते, म्हणून मेलेल्या माणसाचं कर्ज किंवा त्याच्या विधवेची केतुबा, म्हणजे लग्नातल्या करारानं ठरलेली रक्कम, ही वारसांकडून फक्त जमिनीतून वसूल होई. जंगम मालाला हात लावता येत नसे. पण आठव्या शतकापर्यंत जमिनी सुटत गेल्या होत्या. लोक शहरात आले, व्यापारात आले. घरात कापडाचे तागे आहेत, रोकड आहे, जमीन मात्र वीतभर नाही. मग विधवेनं काय करायचं? ७८७ मध्ये रेश गलुता आणि दोन्ही येशिवांनी मिळून ठरवलं की जंगम मालातूनही वसुली व्हावी, आणि तशी पत्रं दूरदूरच्या वस्त्यांना धाडली. जो न्यायाधीश हे पाळणार नाही त्याला पदावरून काढावं असंही बजावलं. एका अख्ख्या समाजाचा धंदा बदलला याची ही सरकारी नोंदच म्हणायची, फक्त सरकार नसलेल्या लोकांनी केलेली.

आता या अधिकाराचं रोजचं रूप पाहू. याचं फार सुंदर वर्णन आपल्याला मिळालं आहे, नाथान हा-बाव्ली नावाच्या दहाव्या शतकातल्या एका माणसाकडून.

वर्षातून दोनदा, अदार आणि एलूल या महिन्यांत, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या शेवटी, दूरदूरचे विद्यार्थी येशिवात जमत. मधले पाच महिने ते आपापल्या गावी कामधंदा सांभाळून नेमून दिलेला ग्रंथभाग अभ्यासत. या महिन्याला कल्ला म्हणत. गाओन पुढे बसे. त्याच्यासमोर दहा-दहा जणांच्या सात रांगा, पहिल्या रांगेत सर्वांत मोठे विद्वान. या सत्तर जणांच्या मागे बाकीचे विद्यार्थी, सगळे मिळून चारशेच्या आसपास. सत्तरांची जागा ठरलेली असे, आणि ती बापाकडून मुलाकडे येई. नाथान एक बारीक गोष्ट सांगतो. मागच्या रांगेतला एखादा पुढच्यापेक्षा जास्त हुशार निघाला, तरी त्याला पुढे बसवत नसत, कारण ती जागा त्याला बापाकडून आलेली नाही. पण त्याचं विद्यावेतन वाढवत. म्हणजे मान वंशाला आणि पैसा बुद्धीला. येशिवा ही विद्येची जागा खरी, पण तिच्याही आत घराणं बसलेलं होतंच. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात गाओन एकेकाची परीक्षा घेई. ज्याचं पाठांतर कच्चं त्याला खडसावत, त्याचं वेतन कापत आणि पुढच्या वेळी तयारीनं ये म्हणून सांगत.

अदार महिन्यात आणखी एक काम चाले, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा प्राण त्या कामात होता. वर्षभर आलेली प्रश्नांची पत्रं बाहेर काढली जात. ही पत्रं इराकच्या खेड्यांतून आलेली असत, तशीच इजिप्तमधून, आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानमधून, पार स्पेनमधूनही. प्रश्न कसले? भागीदारीतला तोटा कोणी सोसायचा, समुद्रात बेपत्ता झालेल्या नवऱ्याची बायको विधवा धरायची का, अमुक प्रार्थना उभ्यानं म्हणायची की बसून, तालमूदमधल्या या ओळीचा अर्थ काय. प्रश्न मोठ्यानं वाचला जाई. गाओन लगेच उत्तर देत नसे. तो सभेला बोलू देई. एक जण एक बाजू मांडे, दुसरा ती खोडे, आणि गाओन ऐकत राही. सगळ्यांचं म्हणणं पुरतं कळलं की तो लेखनिकाला उत्तर सांगे. महिना संपता संपता सगळी उत्तरं भरसभेत पुन्हा वाचली जात, गाओन सही करे, आणि मग पत्रं निघत. प्रश्नाबरोबर येशिवासाठी देणगी आलेली असे, उत्तराबरोबर आशीर्वाद आणि पुढच्या देणगीची आठवण जाई.

कारवाँबरोबर जाणाऱ्या त्या पत्राला तलवारीचं बळ नव्हतं. कैरवानच्या माणसानं ते फाडून टाकलं असतं तर बगदादचा गाओन काय करणार होता? फार तर बहिष्कार जाहीर करणार, आणि तोही कैरवानच्या लोकांनी पाळला तर. तरीही लोक विचारत राहिले, वाट पाहत राहिले. स्पेनच्या एका वस्तीनं नवव्या शतकात वर्षभरातल्या प्रार्थनांचा क्रम विचारला, तर सुराचा गाओन आम्राम यानं अख्खं प्रार्थनापुस्तक रचून पाठवलं. पुढच्या यहुदी प्रार्थनापुस्तकांचा पाया त्या एका उत्तरात आहे. कैरवानच्या याकोब बेन निस्सीमनं विचारलं की मिश्ना, म्हणजे तालमूदच्या पायाशी असलेला कायदासंग्रह, आणि तालमूद लिहिले कसे गेले, कोणानंतर कोण झालं. पुंबेदिताच्या शेरिरा गाओननं ९८७ च्या सुमारास त्याला जे उत्तर लिहिलं, ते नसतं तर या शतकांचा कालक्रम आपल्याला लावताच आला नसता.

रेश गलुताचा थाट वेगळा. त्याच्या अधिकारग्रहणाचं नाथाननं केलेलं वर्णन वाचताना डोळ्यांपुढे दरबार उभा राहतो. गुरुवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पद दिलं जाई आणि शोफार, म्हणजे मेंढ्याची शिंगं, फुंकले जात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी मोठा लाकडी मंच उभारायचा, त्यावर रंगीत रेशमी वस्त्रं अंथरायची. मंचाखाली गोड गळ्याची तरुण मुलं लपवायची. प्रार्थना सुरू होई, ती मुलं खालून साथ देत, आणि ठरावीक वेळी रेश गलुता पडद्याआडून प्रकट होई. लोक उभे राहत. तो मध्ये बसे, उजवीकडे सुराचा गाओन, डावीकडे पुंबेदिताचा. मग प्रार्थना चालवणारा हझ्झान मंचावरच्या छताखाली डोकं घालून त्याला आशीर्वाद देई, इतक्या हळू आवाजात की फक्त जवळच्यांना ऐकू यावा. खालची मुलं मोठ्यानं आमेन म्हणत. तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, गुंडाळी त्याच्यापाशी आणली जाई, इतरांसारखा तो तिच्यापाशी जात नसे. तो वाचे, आणि त्याचा अरामी अनुवाद सुराचा गाओन स्वतः सांगे. पाहणाऱ्याला काही सांगायला लागत नव्हतं. त्या दिवशी विद्या वंशाच्या बाजूला उभी राहून त्याची दुभाषी झालेली असे.

पण वंशाचा हा दावा निर्विवाद नव्हता. अरब विजयाच्या वेळचा रेश गलुता बुस्तनाई याला खलिफानं इराणच्या पराभूत राजाची एक मुलगी बटीक म्हणून दिली, अशी कथा होती. तिच्यापासून त्याला मुलं झाली. बुस्तनाईनं तिला आधी मुक्त केलं होतं का? केलं नसेल, तर मुलं गुलाम ठरतात, आणि गुलामाची संतती दाविदाच्या गादीवर कशी? हा वाद शतकानुशतकं धुमसत राहिला. शेरिरा गाओन आपल्या त्या पत्रात मुद्दाम नोंदवतो, की मीही दाविदाच्या वंशातलाच आहे, पण बुस्तनाईच्या शाखेतला नाही. आपण आजही घराण्यांबद्दल असंच बोलतो.

आणि पैसा? दोन्ही येशिवा आणि रेश गलुता यांच्यात प्रदेश वाटलेले होते. ज्या प्रदेशावर ज्याचा हक्क, तिथले न्यायाधीश त्यानं नेमायचे, तिथली वर्गणी त्याची. साहजिकच भांडणं व्हायची. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला उक्बा नावाच्या रेश गलुताचं इराणच्या पूर्वेकडच्या खोरासानच्या उत्पन्नावरून पुंबेदिताच्या कोहेन त्सेदेक गाओनशी बिनसलं. गाओनच्या पाठीशी दरबारातले सावकार होते. उक्बाला बगदादबाहेर घालवण्यात आलं. तो काही काळ बाहेर राहिला, मग खलिफा ज्या बागेत फिरायला येई तिथं रोज उभा राहून नवनवी स्तुतिकवनं म्हणू लागला. खलिफा खूश झाला, त्यानं त्याला पद परत दिलं. विरोधक पुन्हा एकवटले, त्याला पुन्हा हद्दपार केलं, आणि तो शेवटी मगरिबात, म्हणजे उत्तर आफ्रिकेत, गेला. कैरवाननं त्याचा मोठा मान राखला. दाविदाचा वंशज कवनं म्हणत बागेत उभा राहतो, हे वाचून मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. वरून सगळं खलिफाच्या मर्जीवर लटकलेलं होतं.

दरबारी सावकारांचा उल्लेख आलाच आहे, तर एक सांगून पुढे जातो. समाजाचं लौकिक पुढारीपण आणि राज्यकर्त्याच्या खजिन्याचं काम हे बगदादमध्ये पुढेही हातात हात घालून चालत राहिलं. मुंबईत १८३२ साली आलेल्या डेव्हिड ससूनचे वडील बगदादच्या यहुदी समाजाचे नासी, म्हणजे प्रमुख होते, आणि तिथल्या पाशाच्या खजिन्याचं कामही त्यांच्याकडे होतं. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, याच बगदादी घराण्यानं बांधलं. रेश गलुताची गादी त्याच्या कित्येक शतकं आधी लयाला गेली होती, पण नेतृत्वाची ती घडण टिकून होती.

आता आजच्या मुख्य माणसाकडे येऊ. सादिया बेन योसेफ. जन्म ८८२, इजिप्तमधल्या फय्यूमचा. म्हणजे बाबेलच्या दृष्टीनं परका, आणि घराणंही विद्वानांच्या सत्तर जागांतलं नाही. तो बगदादच्या नजरेत भरला तो पंचांगाच्या वादामुळे.

९२१ मध्ये पॅलेस्टाइनच्या येशिवाचा प्रमुख आरोन बेन मेईर यानं जेरुसलेमच्या ऑलिव्ह पर्वतावरून येत्या वर्षांचे सण जाहीर केले, आणि ते बाबेलच्या गणिताशी जुळेनात. वादाचा मुद्दा अगदी बारीक होता. तिश्री महिन्याच्या अमावास्येचा गणिती क्षण दुपारी बारानंतर आला, तर नवं वर्ष त्या दिवशी धरायचं नाही, पुढे ढकलायचं, असा नियम. यहुदी पंचांगात तासाचे १,०८० भाग असतात. बेन मेईरचं म्हणणं, मर्यादा बारा वाजता नाही, बारानंतर ६४२ भागांनी, म्हणजे साधारण छत्तीस मिनिटांनी आहे. पुढच्या एका वर्षी, ९२३ च्या शरद ऋतूत, तो क्षण नेमका बारानंतर २३७ भागांनी, म्हणजे तेरा मिनिटांनी येत होता. या तेरा मिनिटांमुळे मागच्या वर्षांचे महिनेही लहानमोठे करायला लागत होते. परिणाम असा, की ९२२ सालचा पेसाह, वल्हांडणाचा सण, पॅलेस्टाइनच्या बाजूच्या लोकांनी रविवारी केला आणि बाबेलच्या लोकांनी मंगळवारी. एकाच गावातल्या शेजारी घरांत एकाकडे खमीर, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे पदार्थ, निषिद्ध आणि दुसऱ्याकडे चालू. आपल्याकडे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचे गणपती काही वर्षी इतरांच्या महिनाभर आधी येतात, ते आपण समजुतीनं घेतो. पण पेसाहच्या दिवसांत खमीर खाणं हे यहुदी धर्मात समाजातून तोडलं जाण्याइतकं मोठं पाप आहे. म्हणून ही फूट एवढी मोठी, की निसिबिसच्या एलियास या ख्रिस्ती धर्माध्यक्षानंही आपल्या कालक्रमात तिची नोंद केली.

सादिया तेव्हा अलेप्पोत होता. त्यानं बेन मेईरला पत्रं लिहिली, मग बगदादला येऊन बाबेलच्या बाजूनं लेखणी चालवली, आणि ती बाजू जिंकली. लक्षात घ्या, कॅलेंडर ठरवण्याचा मान प्राचीन काळापासून पवित्र भूमीचा. तो त्या वर्षी हिशेबाच्या जोरावर बाबेलकडे आला. भूमीचं पावित्र्य एका बाजूला होतं, आणि कोणाच्या पत्रावर लोक विश्वास ठेवतात हे दुसऱ्या बाजूला. लोकांनी पत्र निवडलं.

सुरा येशिवा त्या काळात डबघाईला आली होती. विद्वानांची इतकी वानवा, की योम तोव कहाना नावाच्या विणकराला गाओन करायला लागलं होतं. तो ९२८ च्या सुमारास वारला आणि सुरा बंदच करावी असा विचार पुढे आला. रेश गलुता दाविद बेन झक्काई यानं निस्सी नाहरवानी या नेत्रहीन विद्वानाचा सल्ला घेतला. गाओनपद आधी निस्सीलाच देऊ केलं होतं. गाओनला जगाचा प्रकाश म्हणतात, माझ्या डोळ्यांपुढे तर अंधार आहे, असं म्हणून त्यानं ते नाकारलं. सादियाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला की माणूस मोठा विद्वान आहे, पण कोणाला भीत नाही आणि कोणाचं तोंड पाहून बोलत नाही. त्यानं दुसरं नाव सुचवलं. दाविदनं सादियालाच नेमलं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या वारसाहक्काचा निकाल आला. रेश गलुताच्या न्यायसभेनं दिलेल्या त्या निकालात रेश गलुताला मालमत्तेचा दहावा हिस्सा मिळणार होता. निकाल पक्का व्हायला दोन्ही गाओनांच्या सह्या हव्यात. कागद सादियाकडे आला. त्यानं वाचला आणि आधी कोहेन त्सेदेककडून सही आणा म्हणाला. ती आली. मग टाळायला जागा राहिली नाही. सादियानं सही करायला सरळ नकार दिला आणि कारणही सांगितलं : न्याय करताना तोंड पाहू नका, ही तोराची आज्ञा आहे. दाविदनं आपला मुलगा यहूदा याला पाठवलं. तो आला, गेला, पुन्हा आला, शेवटी संतापून हात उगारण्याची भाषा करू लागला. सादियाच्या माणसांनी त्याला बाहेर काढलं.

एका सहीवरून समाज उभा फुटला. दाविदनं सादियाला पदच्युत करून योसेफ बार याकोबला गाओन नेमलं. सादियानं दाविदच्या भावाला, योशियाला, ज्याला हसन म्हणत, रेश गलुता म्हणून उभं केलं. दोन्हीकडून बहिष्कार. सादियाच्या पाठीशी नेतिरा घराण्याचे सावकार, तर विरोधात खलाफ इब्न सर्जादो नावाचा धनाढ्य विद्वान. सादियाला हटवण्यासाठी यानं साठ हजार दिरहम मोजल्याचं नाथान सांगतो. प्रकरण वजीर अली इब्न ईसापर्यंत गेलं. खलिफा मुक्तदिर ९३२ मध्ये मारला गेला, काहिर गादीवर आला, आणि पारडं दाविदकडे झुकलं. योशियाला खोरासानला धाडलं, तो तिकडेच वारला.

सादियाबद्दल मला अपार आदर आहे, पण भावाला भावाविरुद्ध उभं करण्यात त्यानं समाजाचं भलं केलं असं मला म्हणवत नाही. सहीचा नकार धर्माचा होता. दुसरा रेश गलुता उभा करणं हे राजकारण होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सात वर्षं समाजानं दुसऱ्या गोष्टीची किंमत मोजली.

पण त्या वनवासातल्या वर्षांत त्यानं काय केलं पाहा. ९३३ मध्ये त्यानं अरबीत श्रद्धा आणि मतं यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. ऐकीव श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ घालणारा रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, परंपरेतला हा पहिला मोठा तत्त्वग्रंथ. तोराचं त्यानं केलेलं अरबी भाषांतर येमेनच्या यहुद्यांनी पुढे हजार वर्षं जपलं. पद गेलं, सहीचा अधिकार गेला, लिहिण्याचा कोणी काढून घेऊ शकलं नाही.

या भांडणाची बातमी यहुदी वस्तीबाहेरही पोचली होती. अल-मसूदी हा बगदादचा मुसलमान इतिहासकार, त्यानं आपल्या शेवटच्या ग्रंथात यहुदी विद्वानांबद्दल लिहिताना सादियाचं नाव घेतलं आहे, दाविद बेन झक्काईशी झालेला कलह सांगितला आहे, लोकांत तट पडले होते असंही नोंदलं आहे. हा मसूदी आपल्या ओळखीचा आहे. ९१६-१७ मध्ये तो आपल्या चौलला, अरबांच्या सैमूरला, येऊन गेला होता. शिलाहार झंझ राजाचा तो काळ. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून येऊन चौलला राहिलेल्या व्यापाऱ्यांचं वर्णन त्यानं केलं आहे. आज रायगड जिल्ह्यातल्या त्या बंदरावर उभं राहिलं, तर दहाव्या शतकातलं बगदाद फार लांबचं वाटत नाही. कोकणातला माल उतरवून घेणारी तीच पेढ्यांची, दलालांची, पत्रांची वाट होती, जिच्यावरून गाओनची उत्तरंही जात.

भांडण मिटलं ते ९३७ मध्ये, आणि मिटवलं सामान्य लोकांनी. एका खटल्यात एका पक्षकारानं लवाद म्हणून सादियाचं नाव घेतलं, तेव्हा दाविदनं त्याला मारहाण करवली. तो माणूस रडत, ओरडत लोकांत फिरला. आता पुरे झालं, असं लोकांना वाटलं. ते बिश्र बेन आरोन या प्रतिष्ठित माणसाकडे गेले. तो इब्न सर्जादोचाच सासरा. त्यानं दोन्ही बाजूंना आणलं, आणि एस्तेरच्या उपवासाच्या दिवशी, पुरीमच्या सणाच्या आदल्या दिवशी, सादिया आणि दाविद समोरासमोर चालत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. सादिया पुन्हा गाओन झाला. योसेफ बार याकोबचं वेतन मात्र बंद केलं नाही. ९४० मध्ये दाविद वारला. त्याचा मुलगा यहूदा, तोच तो हात उगारणारा, सात महिन्यांत गेला. मागे बारा वर्षांचं पोर राहिलं. सादियानं त्याला आपल्या घरी आणून वाढवलं, शिकवलं. ९४२ मध्ये सादियाही गेला आणि पुढच्या काही वर्षांत सुरा बंद पडली. तिकडे पुंबेदिताच्या गाओनपदावर ९४३ मध्ये आला तो इब्न सर्जादो. पण विद्वत्ता त्याची खरी होती, आणि त्यानं ते पद चांगलं सांभाळलं.

यानंतरचा उजेड म्हणजे शेरिरा आणि त्याचा मुलगा हाई. हाई १००४ पासून १०३८ पर्यंत पुंबेदिताचा गाओन होता, आणि नव्वदी ओलांडूनही उत्तरं लिहीत होता. त्याची एक आठवण टिपून ठेवलेली आहे. स्तोत्रातल्या एका अवघड शब्दावर सभा अडली. हाईनं एका शिष्याला सांगितलं, बगदादच्या ख्रिस्ती धर्मगुरूकडे जा आणि त्याच्याकडच्या सिरियाक भाषांतरात काय आहे ते विचारून ये. शिष्य घुटमळला. हाई त्याला रागावला. आपले पूर्वज भाषेचा अर्थ कळावा म्हणून मेंढपाळांनाही विचारत, तुला कसली लाज वाटते, असं त्याचं म्हणणं. हजारो लोक ज्याला प्रश्न विचारत, तो स्वतः विचारायला तयार होता. मला वाटतं, त्याच्या उत्तरांना वजन होतं ते यामुळे.

हाईच्या मृत्यूबरोबर गाओनांचा काळ संपला असं म्हणायची पद्धत आहे. पदं लगेच संपली नाहीत. बाराव्या शतकात तुदेलाचा बेन्यामीन हा स्पेनचा यहुदी प्रवासी बगदादला आला, तेव्हा रेश गलुता घोड्यावरून खलिफाच्या भेटीला निघाला की पुढे चोपदार ओरडत, दाविदाच्या पुत्राला, आमच्या स्वामीला वाट द्या. गाओन हे नाव लावणारा शमुएल बेन अली तिथं मोठी येशिवा चालवत होता. पण कैरवान, स्पेनमधलं कोर्दोबा आणि इजिप्तमधलं फुस्तात इथं आता स्वतःचे विद्वान तयार झाले होते, बहुतेक बाबेलच्याच पत्रांवर वाढलेले. पत्रांची दिशा बदलली. शब्बाथच्या दिवशी तैग्रिस आणि युफ्रेटिससारख्या मोठ्या नद्यांवरून नावेनं जाणं चालतं का, हा प्रश्न बगदादच्या यहुद्यांनी विचारला, तो घराजवळच्या शमुएल बेन अलीला डावलून इजिप्तमधल्या मैमोनिदेस या नामांकित धर्मशास्त्रज्ञाला. मैमोनिदेसनं चालतं म्हणून उत्तर दिलं. शमुएल बेन अलीनं त्याला लेखी हरकत घेतली, आणि मैमोनिदेसनं फुस्तातहून त्या हरकतीलाही मुद्देसूद उत्तर पाठवलं.